प्रबंधापासून मंत्रिमंडळापर्यंत: अर्थशास्त्राच्या तरुण अभ्यासकांसाठी

अर्थशास्त्रात एम.ए. करणारी किंवा पीएच.डी.ला नुकतं नाव नोंदवलेली मुलंमुली थोडी मोकळी झाली की एक प्रश्न विचारतात. संशोधनातून धोरण ठरवणाऱ्या जागेपर्यंत, अगदी मंत्रिपदापर्यंत, पोहोचता येतं का? आणि पोहोचायचं असेल तर आजपासून काय करायचं? विचारताना आवाज जरा खाली येतो, कारण अशी महत्त्वाकांक्षा बोलून दाखवायची आपल्याकडे सवय नाही. पण यात संकोचण्यासारखं काहीच नाही. लोकांचा पैसा कुठून गोळा करायचा आणि कुठे खर्च करायचा हे जिथे ठरतं, तिथे तो विषय वर्षानुवर्षं अभ्यासलेलं माणूस बसावं ही इच्छा चांगली आहे. तिला नीट दिशा मिळावी म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या वाटेवर ठरावीक पायऱ्या नाहीत. मंत्रिपदाची परीक्षा नसते, ज्येष्ठतायादी नसते. मंत्रिमंडळाची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ती ४३ वर थांबते. तेव्हा मंत्रिपद डोळ्यांसमोर ठेवून आयुष्य आखू नका. ते पद कधीच मिळालं नाही तरी केलेलं काम लोकांच्या कामी यावं, आणि मिळालंच तर पहिल्या आठवड्यात कोणती फाइल मागवायची हे ठाऊक असावं, अशी आखणी करा. जे अभ्यासक खरोखर तिथवर गेले त्यांच्यातल्या बहुतेकांनी तरुणपणी असा एक प्रश्न हाती घेतला होता, जो सरकारला आज ना उद्या सोडवावाच लागणार होता. पुढे पदं बदलली, शहरं बदलली, पण त्या प्रश्नाची संगत त्यांनी सोडली नाही.

प्रश्न निवडताना

डॉ. मनमोहन सिंग यांची गोष्ट बहुतेक वेळा १९९१ पासून सांगितली जाते. तुमच्या उपयोगाचा भाग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पंजाब विद्यापीठातून एम.ए., १९५७ साली केंब्रिजची पहिल्या वर्गातली पदवी, परत येऊन पंजाब विद्यापीठात अध्यापन, आणि १९६२ साली ऑक्सफर्डची डी.फिल. प्रबंध होता १९५१ ते १९६० या दशकातल्या भारताच्या निर्यातीवर. १९६४ साली त्याचं पुस्तक झालं. जगात आपल्या मालाला मागणीच बेताची, त्यामुळे निर्यातीवर भिस्त ठेवून उपयोग नाही, असा त्या काळी धोरणकर्त्यांमध्ये मोठा समज होता. या तरुण प्राध्यापकाने वस्तूगणिक आकडे मांडून दाखवलं की निर्यात मागे पडली याला आपली स्वतःची धोरणंही कारणीभूत आहेत.

पुढची यादी लांबलचक आहे. १९६६ ते १९६९ संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाडमध्ये व्यापारावरचं काम, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक, १९७१ साली परदेश व्यापार मंत्रालयात आर्थिक सल्लागार, १९७२ साली अर्थ मंत्रालयात मुख्य आर्थिक सल्लागार, मग आर्थिक व्यवहार सचिव, १९८२ ते १९८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, त्यानंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ही यादी पाठ करण्यात अर्थ नाही. तिच्यातून एवढंच बघा की देशाला परकीय चलन कसं मिळतं आणि ते का अपुरं पडतं, हा एकच प्रश्न त्यांनी वर्गातून, संयुक्त राष्ट्रांतून, मंत्रालयातून आणि मध्यवर्ती बँकेतून पाहिला. या काळात त्यांनी नियंत्रणांच्या चौकटीतही काम केलं; दर ठिकाणी त्यांचंच म्हणणं चाललं असं मुळीच नाही. जून १९९१ मध्ये गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. अर्थमंत्री म्हणून बोलावणं आलं. प्रबंधाला तेव्हा २९ वर्षं झाली होती.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे, आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा ते अर्थशास्त्र म्हणून फारसं वाचत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध आला. सगळे म्हणत होते की शेतांचे तुकडे फार लहान झालेत, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी विचारलं की लहान म्हणजे कशाच्या मानाने? जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल लागतं, किती अवजारं आहेत, किती माणसं पोसली जातात यावर ठरतं. खरा रोग आहे तो शेतीवर लादलेल्या जादा माणसांचा, आणि त्याचं औषध उद्योगीकरणात आहे.

आता १९४२ ते १९४६ या काळात या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर सदस्य आहेत आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे आहेत. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया याच खात्यात घातला गेला. शेतीवरची माणसं उद्योगात न्यायची तर आधी वीज आणि पाणी हवं, हा धागा १९१८ च्या निबंधापासून सरळ इथपर्यंत येतो. मधल्या काळात प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रबंध झाला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा प्रबंध झाला, चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष झाली. शिवाय महाड झालं, स्वतंत्र मजूर पक्ष झाला, १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं गेलं. त्यांना कुणी सल्लागार म्हणून नेमून पुढे आणलं नव्हतं. त्यांच्यामागे लोक होते, आणि प्रबंधांतला अभ्यास त्या लोकांच्या कामी जुंपलेला होता.

मग तुमचा प्रश्न कोणता? गाइडला आवडतो म्हणून, किंवा त्याची आकडेवारी एका क्लिकवर मिळते म्हणून विषय घेऊ नका. असं करा: दर वर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाआधी अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' प्रसिद्ध करतं. मागच्या दहा वर्षांच्या पाहण्या आणि त्याच वर्षांचे महालेखापरीक्षकांचे अहवाल शेजारी ठेवून वाचा. कोणतं दुखणं दर वर्षी नव्या शब्दांत परत येतं, ते वहीत उतरवत जा. कृषिपंपांच्या वीजबिलांची थकबाकी येईल. पाटबंधाऱ्यांचे अर्धवट राहिलेले प्रकल्प येतील. महापालिकांचं उत्पन्न येईल: राज्यातल्या इतर शहरांची जकात आधीच गेली होती, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईचीही गेली, आणि शहरं राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यांकडे डोळे लावून बसली. कांद्याचा प्रश्न घ्या. निर्यातबंदी, किमान निर्यात मूल्य, निर्यात शुल्क अशी हत्यारं दिल्लीतून चालतात आणि त्यांचे घाव लासलगावच्या बाजारात उमटतात. यातल्या कुठल्याही एका प्रश्नावर पंधरा वर्षं टिकून अभ्यास करणारी माणसं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सरकार कुठल्याही पक्षाचं येवो, त्याला त्यांच्याकडे यावंच लागेल.

प्रश्न माणसांच्या जवळचा असेल तर आणखी चांगलं. केरळचे थॉमस आयझॅक यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये काथ्या उद्योगावर आणि त्यातल्या कामगारांवर संशोधन केलं. हा उद्योग आलप्पुळा जिल्ह्यात एकवटलेला आहे. पुढे त्याच जिल्ह्यातून ते आमदार झाले आणि दोनदा राज्याचे अर्थमंत्री झाले. त्याआधी, १९९६ पासून, राज्य नियोजन मंडळाचे सदस्य या नात्याने त्यांनी लोकनियोजन मोहिमेत मोठा वाटा उचलला. त्या मोहिमेत राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचं ठरलं होतं. मतं मागायला जाण्यापूर्वी हा माणूस त्या वस्त्यांमध्ये प्रश्न विचारत फिरलेला होता.

पीएच.डी.ची वर्षं

संख्याशास्त्र आणि अर्थमिती पक्की करा, याबद्दल दुमत नाही. कच्च्या पायावर उभा राहिलेला धोरणतज्ज्ञ पहिल्याच खोलातल्या प्रश्नाला कोसळतो. पण विद्यापीठात सहसा शिकवत नाहीत अशा दोन गोष्टी स्वतः शिकून घ्या.

पहिली, अर्थसंकल्पाची कागदपत्रं वाचणं. भाषण नव्हे, कागदपत्रं. लेखाशीर्ष कसं वाचायचं, पुरवणी मागण्या का येतात, अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत किती अंतर पडतं, राज्याने दिलेल्या कर्जहमी कुठे दिसतात. एका खात्याचे पाच वर्षांचे हे तीनही आकडे समोरासमोर मांडून पाहिले की त्या खात्याच्या घोषणा आणि कुवत यांतलं अंतर जसं कळतं तसं कुठल्याही पाठ्यपुस्तकातून कळणार नाही.

दुसरी, मराठीत लिहिणं. 'अर्थसंवाद' किंवा 'अर्थबोधपत्रिका' यांसारख्या नियतकालिकांत लिहा, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात लिहा. इंग्रजी शोधनिबंध तुम्हाला नोकरी मिळवून देईल. पण जिल्हा परिषदेचा सदस्य, बाजार समितीचा सचिव, सहकारी बँकेचा संचालक तुमचं म्हणणं मराठीतच वाचणार आहेत, आणि पुढे कधी सभागृहात उभं राहायची वेळ आलीच तर तेच शब्द लागणार आहेत. तुटीचा अर्थ शेतकऱ्यांच्या सभेत पाच मिनिटांत सांगता येत नसेल, तर तो आपल्यालाही पुरता कळलेला नाही असं समजून पुन्हा अभ्यासाला बसावं.

धनंजयराव गाडगीळ मंत्री कधीच नव्हते, तरी या टप्प्यावर त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२४ साली भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. १९३० पासून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा वाहिली. विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, म्हणजे स्वतः मांडलेला विचार जमाखर्चाच्या वहीत उतरवून पाहिला. १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची योजना-मदत राज्यांत कशी वाटायची यावर तोवर ओढाताण चालायची. गाडगीळांच्या सूत्राने विशेष राज्यांचा हिस्सा बाजूला काढून उरलेल्याची वाटणी सरळ केली: ६० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्नावर, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांवर आणि १० टक्के राज्याच्या खास अडचणींवर. पुढे त्यात बदल झाले, तरी मूळ रचना अनेक दशकं टिकली. कित्येक अर्थमंत्र्यांच्या नावावर एवढा टिकाऊ निर्णय नाही. पदापेक्षा असं सूत्र मागे ठेवून जाण्याची इच्छा धरलीत तर माझ्या मते तुम्ही जास्त मोठं काही मागितलं.

फाइलवर लिहायला शिका

संशोधक सरकारी खात्यात पहिल्यांदा जातो तेव्हा तो हुशारीत कमी पडत नाही. तो कमी पडतो टिप्पणी लिहिण्यात. शोधनिबंध आधीच्या साहित्याच्या आढाव्याने सुरू होतो आणि पुढील संशोधनाची गरज सांगून संपतो. फाइलवरच्या टिप्पणीला सचिवाची सही हवी असते, आणि सचिवाकडे त्या दिवशी तशा चाळीस टिप्पण्या असतात.

म्हणून पीएच.डी. चालू असतानाच एक सराव करा. आपल्या प्रबंधातलं एक प्रकरण घ्या आणि त्याची दोन पानांची टिप्पणी करा. कोणता निर्णय हवा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात. त्याला यंदा किती पैसे लागतील आणि पुढच्या तीन वर्षांत किती, कोणत्या लेखाशीर्षातून, सध्याचा कायदा पुरेसा आहे, शासन निर्णय काढून भागेल की विधेयक आणावं लागेल, वित्त विभाग कोणती हरकत घेईल. आणि सर्वांत महत्त्वाचं, नुकसान कुणाचं होणार आणि त्यांना काय सांगायचं. मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट देण्याचा निर्णय २०२२ च्या सुरुवातीला झाला. तो निर्णय व्हायच्या आधीच्या आठवड्यात आपण वित्त विभागात आहोत असं धरून बाजूने एक आणि विरुद्ध एक टिप्पणी लिहून पाहा. दोन्ही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिता आल्या, तर तुमची तयारी चांगली चालली आहे.

खरोखर आत शिरण्याच्या जागाही आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा खास अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागासाठी ग्रेड बी अधिकाऱ्यांची स्वतंत्र भरती होते. खासदारांसोबत संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे. गोखले संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था इथे असलात तर सरकारी समित्यांची कामं प्राध्यापकांकडे येत असतात. त्या समितीच्या अहवालाची परिशिष्टं तयार करायला स्वतःहून पुढे व्हा. नाव छापून येणार नाही, पण आकडा कुठून येतो आणि मसुद्यात तो कुठे गळतो हे दिसेल.

एक सावधगिरी मात्र हवी. आर्थिक सेवेत किंवा इतर सरकारी सेवेत गेलात की आचारनियम लागू होतात आणि राजकीय पक्षाचं काम करता येत नाही. म्हणजे सल्लागाराची वाट आणि पक्षाची वाट एकाच वेळी चालता येत नाही. कोणती आधी, याचा निर्णय विशीच्या अखेरीस करावा लागतो, आणि तो घरच्यांशी बोलूनच करावा, कारण पक्षकार्यात पहिली अनेक वर्षं पगार नसतो.

सभागृहाची वाट

मंत्री होण्यासाठी त्या दिवशी खासदार किंवा आमदार असावं लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. संविधानाच्या ७५व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्रात आणि १६४व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यात, सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, पण सलग सहा महिने सदस्यत्वाविना गेले तर पद जातं. मनमोहन सिंग यांनी २१ जून १९९१ रोजी शपथ घेतली आणि ऑक्टोबरमध्ये आसामातून राज्यसभेवर निवडून गेले. ही वाट पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री ज्याच्यासाठी उघडतात त्याच्यापुरतीच असते. मनमोहन सिंग १९९९ साली दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले तेव्हा त्यांचा पराभव झाला. व्ही. के. आर. व्ही. राव मात्र १९६७ साली बळ्ळारीतून लोकसभेवर निवडून आले, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीवर आयुष्य घालवलेला, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची स्थापना करणारा हा अर्थशास्त्रज्ञ आधी वाहतूक व नौवहन आणि मग शिक्षण खात्याचा मंत्री झाला.

महाराष्ट्रातल्या अभ्यासकाने विधान परिषदेकडे गंभीरपणे पाहावं. तिच्या ७८ जागांपैकी सात पदवीधर मतदारसंघांच्या आणि सात शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. पदवीधर मतदारसंघात मत देणारा प्रत्येक जण शिकलेला असतो, पण मतदारसंघ अनेक जिल्ह्यांत पसरलेला असतो आणि मतदारयादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या माणसाने अर्ज भरला तरच त्याचं नाव यादीत येतं. म्हणजे काम निवडणुकीच्या बऱ्याच आधी, नोंदणीपासून सुरू होतं. जो तालुक्यातालुक्यांत नोंदणीचे अर्ज भरून घेतो त्यालाच त्या यादीत आपली माणसं दिसतात. उमेदवाराचं वय किमान ३० हवं. राज्यपाल नामनिर्देशित करतात त्या १२ जागांसाठीच्या क्षेत्रांत साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवेच्या जोडीला सहकारी चळवळही आहे, हेही लक्षात ठेवा. कुठल्याही वाटेने गेलात तरी लाभाचं पद धारण केल्यामुळे सदस्यत्व रद्द होऊ शकतं, तेव्हा महामंडळ, मंडळ, समिती, जिथे जिथे मानधन घेत असाल ते सगळं अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला दाखवा.

पक्ष निवडताना त्याचा जाहीरनामा वाचा, आणि त्याहून काळजीपूर्वक त्या पक्षाने सत्तेत असताना मांडलेले अर्थसंकल्प वाचा. आपल्या प्रश्नावर त्याची भूमिका काय होती? ती बदलली असेल तर कुणाच्या सांगण्यावरून? तुमचं म्हणणं पटवून घेणारी दोन वजनदार माणसं त्या पक्षात नसतील, तर तुमचा उपयोग पुस्तिका लिहून देण्यापुरता होईल.

खुर्चीवर बसल्यावर

आतापर्यंत जे शिकलात त्यापेक्षा वेगळं इथे लागतं. संशोधक विचारतो की काय खरं आहे. मंत्र्याला ठरवावं लागतं की खऱ्या उपायाची किंमत आज कुणी द्यायची आणि उद्या कुणी.

१९९१ चा जुलै महिना या दृष्टीने बारकाईने वाचा. रुपयाचं अवमूल्यन करायचं ठरलं, पण एकदम नाही. १ जुलैला एक टप्पा आणि ३ जुलैला दुसरा. मिळून घसरण १८ ते १९ टक्के. पहिल्या टप्प्यानंतर गदारोळ झाला आणि दुसरा थांबवावा असं पंतप्रधान नरसिंह राव यांना वाटू लागलं. मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर घोषणा होऊन गेली होती. त्याच महिन्यात मुंबईहून सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवण्यासाठी परदेशी रवाना झालं. २४ जुलैला आधी औद्योगिक धोरण आणि संध्याकाळी अर्थसंकल्प. या घाईत प्रत्येक निर्णयाचा क्रम आधीच विचारात घेतलेला होता, आणि तो अमलात आणणारी माणसं वर्षानुवर्षं ओळखीची होती. सल्लागार, सचिव, गव्हर्नर म्हणून घालवलेली वीस वर्षं त्या चार आठवड्यांत उपयोगी पडली.

पण माझ्या मते तुमच्यासाठी सर्वांत शिकण्यासारखी घटना खताची आहे. अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवल्या. अनुदानाचा बोजा पाहता हिशेब बरोबर होता. विरोधकांइतकाच स्वपक्षातूनही विरोध झाला. काही दिवसांतच वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळलं गेलं. बाकीचा अर्थसंकल्प टिकला. शोधनिबंधात अशी तडजोड पराभवासारखी दिसते. मंत्रिमंडळात मात्र कोणता मुद्दा सोडल्याने उरलेले दहा वाचतात हे ओळखणं हाच कामाचा गाभा आहे, आणि त्यासाठी आपल्या दहा मुद्द्यांचा उतरता क्रम आधी स्वतःला ठाऊक असावा लागतो.

माणसं जोडण्याचं कौशल्य किती लागतं हे पाहायचं असेल तर पश्चिम बंगालचे असीम दासगुप्ता पाहा. एमआयटीची पीएच.डी., कोलकाता विद्यापीठात अध्यापन, १९८७ पासून राज्याचे अर्थमंत्री. मूल्यवर्धित करासाठी नेमलेल्या राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या उच्चाधिकार समितीचे ते अध्यक्ष होते. वेगवेगळ्या पक्षांची सरकारं, प्रत्येकाला आपला विक्रीकर बुडण्याची धास्ती. बैठकीमागून बैठका घेऊन, केंद्राकडून भरपाईचं आश्वासन मिळवून, १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत व्हॅट लागू झाला. जीएसटीची वाट त्यातूनच निघाली. उलट बाजूला जोसेफ शुम्पीटर. विसाव्या शतकातल्या थोर अर्थशास्त्रज्ञांपैकी एक. १९१९ साली ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री झाले आणि काही महिन्यांतच पायउतार झाले. विद्वत्ता होती, पण मंत्रिमंडळात त्यांच्या मागे उभं राहणारं कुणी नव्हतं.

शेवटी राजीनाम्याबद्दल, कारण त्याचा विचार पद मिळण्याआधीच करून ठेवायला हवा. मद्रासमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले जॉन मथाई अर्थमंत्री झाले आणि नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून मतभेद झाल्यावर १९५० साली बाहेर पडले. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ साली कायदामंत्रिपद सोडलं. चिंतामणराव देशमुख संशोधक नव्हते, आयसीएस अधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. कुलाब्यातून निवडून आलेल्या या अर्थमंत्र्याने १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर पद सोडलं. तिघांचीही कारणं वेगळी, पण कुठे थांबायचं हे तिघांनाही ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत ती रेघ कोणती, हे आताच एका कागदावर लिहून ठेवा. सत्तेत बसल्यावर ती ठरवायला गेलात तर ती दर महिन्याला थोडी थोडी सरकते.

आणि ती रेघ पाळता यावी म्हणून परतीची सोय हवी. देशमुख त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली बंगळुरूत सामाजिक व आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी संस्था उभारली. तुम्ही विद्यापीठात किंवा अनुदानित महाविद्यालयात असाल, तर निवडणूक किंवा सरकारी नेमणूक स्वीकारण्याआधी आपल्या सेवानियमांतलं असाधारण रजेचं आणि पदावरच्या धारणाधिकाराचं कलम वाचा, आणि परवानगी तोंडी न घेता व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवा. एक-दोन पीएच.डी.चे विद्यार्थी सोडू नका. खात्याच्या कामातून वर्षातून चार दिवस काढून त्यांची प्रकरणं वाचा.